एक कारागीर रजेवर

प्रिय ठमे,

फोनवर तू "बरंय बाबा" म्हणतेस आणि पुढे गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळं ठीक. शाळा सुरू व्हायच्या आहेत, दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. तुझी आई निवृत्त झाल्यापासून मला काज कसं करायचं ते शिकवते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी. ऐकून घेतो, सांगतो कोणाला!

मी शिंपी होणार म्हटल्यावर तुझी आजी दोन दिवस जेवली नव्हती. ज्याचं रक्त थांबत नाही, तो पोरगा म्हणे सुई हातात घेणार! घरातली कात्री, सुरी, सगळं माळ्यावर गेलं होतं. गल्लीतली पोरं मला 'काचू' म्हणायची. पण गंमत बघ, सुई टोचून मला कधीच काही झालं नाही. दुखणं यायचं ते आतल्या आत, कुठे आपटलो नसलो तरी. गुडघा भोपळ्याएवढा फुगायचा. असं का, ते मला तुझ्या आईनेच पहिल्यांदा सांगितलं.

मी तेव्हा असाच गुडघा घेऊन इस्पितळात पडलो होतो आणि ती तिथल्या रक्तपेढीत नवी लागलेली. माझी पिशवी घेऊन आली, तर तिच्यात पिवळट पाणी. मी म्हटलं, "अहो, हे रक्त नाही, काहीतरी घोटाळा झालाय." ती हसली ती थांबेचना. मग स्टूल ओढून बसली. म्हणाली, एका माणसाने दिलेलं रक्त यंत्रात फिरवलं की थर वेगळे होतात. तांबड्या पेशी श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. त्या पलीकडच्या बाळंतिणीला दिल्या. प्लेटलेट्स तापाने फणफणलेल्या एका मास्तरांना. उरलेलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, तुमचं. जंतूंशी भांडणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र ज्याच्या त्याने आपापल्या सांभाळायच्या.

मी शिंपी आहे कळल्यावर तर तिला चेवच चढला. "जखम झाली की प्लेटलेट्स धावत येऊन भोकाला चिकटतात. हा कच्चा टाका. सुईच्या टोचण्याला तेवढा पुरतो. मोठ्या जखमेला वरून पक्की शिलाई लागते. ती प्लाझ्मातली प्रथिनं घालतात, एकाने दुसऱ्याला हाक मारत. तुमच्याकडे सगळे आहेत हो, फक्त एक कारागीर रजेवर आहे."

"जन्मभर?" मी विचारलं.

"जन्मभर. पण बदली माणूस पाठवता येतो. हा काय, आणलाय."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, माझं रक्तच नासकं आहे. मी तिला मागणी घातली तेव्हा दोन्ही घरांत काय भूकंप झाला, ते तू हजारदा ऐकलंयस.

एक मात्र ऐकलं नसशील. माझी आई मला जवळ घ्यायची नाही. माया कमी होती असं नव्हे. उचललं की माझ्या काखेत निळे डाग उठायचे, म्हणून तिने हातच लावायचं सोडलं. गादीवर ठेवायची आणि दाराशी उभी राहून बघायची. "माझ्यातूनच गेलं हे ह्याच्यात," असं येईल त्याला सांगायची. गुडघ्यांचं दुखणं मी विसरलो, ठमे. दाराशी उभी असलेली आई नाही विसरलो.

काल जावईबापूंचा फोन आला होता. बाळाचा रिपोर्ट आल्यापासून तू त्याला पाजण्यापुरती घेतेस आणि लगेच पाळण्यात ठेवतेस म्हणे. हे तुझ्याकडून त्याच्यात गेलं म्हणून रडतेस. अगं वेडे, तुझ्याकडे तरी ते कुठून आलं? माझ्याकडूनच ना? मग आधी माझ्यावर चिडून बघ, जमतं का. आता त्या बदली कारागिराचं औषध घरच्या घरी, दुखणं यायच्या आधीच टोचतात. त्याचे गुडघे माझ्यासारखे व्हायचे नाहीत. बघशील, तुला दमवेपर्यंत पळेल. तुमच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलंय ना, घ्या, खेळवा म्हणून? शंका आली तर विचारायला त्या आहेतच. आम्ही दोघं रविवारी येतोय, पण तोवर थांबू नकोस. आत्ता उठ, आणि त्याला कुशीत घे.

तुझाच,
बाबा