मोठा झोका

ऐरोली,
रविवार दुपार

प्रिय दादा,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर तू आधी हसणार. हस. पण हसून झालं की खाली बस आणि शेवटपर्यंत वाच, आणि उद्या गच्चीवर चढायच्या आधी वाच. आई विहारात गेलीय, तू कॅरमच्या मॅचला, घर मोकळं आहे म्हणून जमतंय. तुझ्याशी समोरासमोर गंभीर काही बोलायचं म्हणजे शिक्षाच. तू कुणाची तरी नक्कल करतोस, मला हसू येतं आणि विषय तिथेच संपतो. आणि आई असताना तर हे बोलताच येणार नाही. पत्र तुझ्या बॅगेत, बेल्टच्या खाली ठेवतेय. तिच्या हाती लागू देऊ नकोस.

आधी चांगली बातमी. गुरुवारी माझा झोका पास झाला. ऑफिसात आम्ही बनवतोय त्या गेममधली ती शलाका, निळ्या जाकिटातली सुपरहिरो, दोर फेकत इमारतींच्या मधून झुलत जाते, तिचं ते झुलणं बनवायचं काम वर्षभर माझ्या गळ्यात आहे. मी हातात घेतलं तेव्हा सगळं फार सोपं होतं. बटण दाबलं की दोर वर जायचा आणि बाई झुलायला लागायच्या. वर काय होतं? काही नाही, नुसतं आभाळ. मधोमध खाडीवर जाऊन दोर फेकला तरी ती आपली झुलतेय. मी आमच्या साहेबांना, नंदकिशोर सरांना म्हटलं, हे खोटं दिसतंय. ते म्हणाले, "अगं, सुपरहिरो आहे ती, तिला कोण विचारणार दोर कुठे बांधलाय?" मी म्हटलं, मी विचारणार. मी एकदा अडून बसले की काय होतं ते तुला माहीत आहे. तीन महिने भांडले. दोर खऱ्या भिंतीला, खऱ्या कोपऱ्याला अडकला तरच झोका मिळेल, नाहीतर पायी चाला, एवढं शेवटी मान्य करून घेतलं.

मग पुढची कटकट. झोका खरा झाला आणि मजा गेली. शलाका दोरावर ओल्या टॉवेलसारखी लटकायची. वेग होता, पण अंगाला वजनच नव्हतं. मी गणितं मांडून मांडून हात टेकले होते. त्या रविवारी तू चहाचा कप घेऊन लॅपटॉपमध्ये डोकावलास आणि म्हणालास, "ही पडंल गं. हातानं कोण लटकतंय? वजन कमरेत असतं." तेवढ्यावर थांबशील तर तू कसला. आपल्या गच्चीवर जाऊन टाकीच्या लोखंडी शिडीला दोर बांधून करूनच दाखवलंस. खाली येताना पाय जरा मागे राहतात, अगदी तळाला वेग सगळ्यात जास्त आणि पोटात गोळा येतो, आणि दुसऱ्या टोकाला पोचलं की क्षणभर अंग हलकं होतं. नजर दोराकडे नाही, पाय जिथे टेकणार तिकडे. मी वहीत लिहीत होते आणि खालून आई ओरडत होती, "अंकुश, उतर रे लेकरा." तू नेहमीसारखा वरूनच म्हणालास, "टेन्शन नको घेऊ आई, कामावर दोन-दोन दोर असतात. एक गेला तर दुसरा धरतो." पाच वर्षं तिला हेच ऐकवतोयस तू. त्या एका वाक्यावर ती रोज सकाळी तुझा डबा भरते.

दोरावर लटकून उंच बिल्डिंगांच्या काचा धुवायचं तुझं काम तुला आवडतं, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. पप्पा गेल्यावर तू ते नाइलाजाने धरलंस असं नातेवाईक म्हणतात, पण मी तुला बघितलंय. काचेच्या आत बसलेले साहेबलोक दचकावेत म्हणून तू मुद्दाम लांब झोका घेतोस. एकदा तर मीटिंग चालू असलेल्या खोलीच्या काचेवर तू फेसाने हसरं तोंड काढलंस आणि घरी येऊन त्या लोकांचे चेहरे करून दाखवलेस. मला तुझा अभिमान वाटतो. ऑफिसात कुणी विचारलं भाऊ काय करतो, तर मी खिडकीकडे बोट दाखवते.

म्हणूनच मला तुझा व्हिडिओ हवा होता. तुझं काम आमच्या ऑफिससमोरच्या बिल्डिंगवर निघालं तेव्हा मी पँट्रीच्या खिडकीत उभी राहून फोनवर तुला शूट केलं. दोन मिनिटं अकरा सेकंद. त्यावर मी पाच महिने काम केलं रे. आधी फक्त पाय बघितले, काचेला टाच कशी लावतोस, कधी ढकलतोस. मग कंबर. मग मान. एकेक फ्रेम थांबवून शलाकेला तसं वळवलं. हातातला दोर काढून तिला तुझ्यासारखा कमरेचा पट्टा दिला. गुरुवारी सरांनी स्वतः कंट्रोलर घेतला, तर वीस मिनिटं सोडेचनात. समोरचा चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "क्रांती, पोटात गोळा आला गं खरोखर." मी सगळ्यांसमोर सांगितलं की हे झुलणं माझ्या भावाचं आहे. टाळ्या वाजल्या. शुक्रवारी पेढे घेऊन घरी यायचं ठरवलं होतं.

पेढे आणले नाहीत, आणि दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. आईला वाटलं डोकं दुखतंय. त्याचं कारण आता सांगते.

शुक्रवारी एक चूक सापडली. शलाका लांब झोका घेत बिल्डिंगच्या कोपऱ्याआड गेली की तिचा दोर भिंतीतून आरपार जायचा. खरा दोर तसा जात नाही, कोपऱ्याला टेकतो, वाकतो, घासतो. तो कसा वाकतो ते बघायला मी पुन्हा तुझा व्हिडिओ लावला, आणि पहिल्यांदाच तुझ्याकडे न बघता वर बघितलं, कठड्याकडे. तिथून दोन रेघा खाली येतात. मी इतके दिवस त्यांना तुझे दोन दोर समजत होते. मग तू काचेला टाच लावलीस आणि उजवीकडे निघालास. एक रेघ तुझ्याबरोबर निघाली. दुसरी जागच्या जागी सरळ लोंबत राहिली. मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. आठ-दहा वेळा बघितलं. ती दुसरी रेघ तुझ्या बादलीची दोरी आहे, दादा. बादली तिथेच राहिली आणि तू एका दोरावर लांब गेलास. आणि तो एकुलता एक दोर दर झोक्याला सिमेंटच्या कडेवर इकडून तिकडे घासत होता. खाली घातलेलं गोणपाट तिसऱ्या झोक्यालाच सरकून पडलंय, तेही दिसतं.

दोर कुठे बांधलाय यासाठी मी एका कार्टूनकरता तीन महिने साहेबांशी भांडले, आणि माझ्या सख्ख्या भावाचा दोर मी पाच महिन्यांत एकदाही बघितला नाही. याची मला फार लाज वाटते. तुझा रागही येतोय. तुझा कंत्राटदार काय म्हणत असेल तेही कळतं मला. दुसरा दोर बांधायला वेळ जातो, दिवसाला काचांचे दोन पट्टे कमी धुऊन होतात, तू तर एक्सपर्ट माणूस, तुला काय गरज. आणि तू खूश होऊन मान डोलावत असशील. एक्सपर्ट म्हटलं की तुझं विरघळणं मला माहीत आहे. पण दोन-दोन दोर असतात असं आईला का सांगितलंस? मला का सांगितलंस?

एवढंच असतं तर मी तुला जेवताना पाय मारून बाहेर बोलावलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. काम करताना मी त्या व्हिडिओचा आवाज कायम बंद ठेवायचे. शुक्रवारी चालू केला. तुझ्या कानात इअरफोन होता आणि मी इकडून ऑफिसच्या दुसऱ्या फोनवर तुझ्याशी बोलत होते, आठवतंय? पंधराव्या मजल्यावर तू नेहमीचं काम करत होतास, साधं, दोन-तीन हात इकडे तिकडे. मग माझा आवाज येतो, "मोठा झोका घे ना." तू घेतोस. मी हसतेय आणि म्हणतेय, "अजून मोठा, दादा. अजून." चार वेळा म्हटलंय, मी मोजलं. चारही वेळा तू घेतलास. तेव्हा तुला माहीत होतं की दोर एकच आहे, आणि तरी तू बहिणीला नाही म्हणाला नाहीस. म्हणून आता मी तुला विचारत नाहीये, सांगतेय. उद्यापासून तुझं काम पुन्हा त्याच बिल्डिंगवर आहे, म्हणून काल तिथल्या मॅनेजरना मी तो व्हिडिओ दाखवून आले. उद्या सकाळी आठला ते गच्चीवर येणार आहेत आणि मीही असेन. कंत्राटदार चिडेल, कदाचित तुला काढेल, तू चार माणसांत माझ्यावर ओरडशील. ओरड. महिनाभर बोलू नकोस. पण दुसरा दोर तुझ्या बेल्टला अडकवून मी स्वतः दोन्ही हातांनी ओढून बघितल्याशिवाय तुझा पाय कठड्याच्या बाहेर पडणार नाही.

तुझीच, उद्या आठला तुझ्या आधी पोचलेली,
क्रांती