देवरीतला व्हिडिओ

८ जानेवारी, गुरुवार. मरोदा

सायकलींचा ट्रक सकाळीच नागपूरले गेला. माझी सायकल सगळ्यात खाली टाकली आणि वर बाकीच्यांच्या. हॅन्डल वाकलं तं सांगू कोणाले. आमी संध्याकाळच्या गाडीनं. उद्यापासून तिकडून सायकलीनं वापस, रविवारी आपल्या भिलाईत. सिकल सेलच्या पेशंटसाठी रक्त देणारे जमवाचे, गावोगावी थांबून.

प्राचीले म्हटलं, वैशाली नगरच्या मैदानात शेवट आहे, ये पाहाले. म्हणे, "थंडी आहे पप्पा. मी नाही येत." थंडी तिले सोसत नाही हे खरं, सांधे धरतात. पण मोबाइलमधून मान वर न करता बोलली.

कॉलेजात कोणालेच माहीत नाही तिच्या बीमारीचं. दहावीत मॅडमनं भर वर्गात सांगतलं होतं, "इसको दौड़ाना मत." त्या दिवसापासून पोरींनी तिले साधी पाण्याची बाटलीसुद्धा उचलू देली नाही. आता कुठे नवीन मैत्रिणी झाल्या. आमच्या सायकल ग्रुपमधेही फक्त ढोमणेले माहीत. तो रेल्वेत गार्ड, राहते दुर्गले. मागच्या पावसाळ्यात तिले रक्त लागलं तं नाईट करून आलेला माणूस तसाच दवाखान्यात येऊन झोपला खाटेवर, बाही वर करून.

९ जानेवारी, शुक्रवार. साकोली

हॅन्डल वाकलंच.

सायकल कमी चालवली, उभं जास्त राहिलो. साहू सर, म्हणजे आमचे लीडर, कोचिंग क्लासवाले, त्यांच्या गळ्यात शिटी. फोटोले शिटी, चहाले शिटी. भंडाऱ्याच्या आधी पुलावर सगळ्यांले उलटं फिरवून पुन्हा यायले लावलं, कारण व्हिडिओत बॅनर दिसला नाही. मागून ट्रकवाले शिव्या देऊन राहिले. बरोबर होतं त्यांचं.

वारा पूर्ण दिवस तोंडावर. लाखनीले शाल, नारळ. शाल अंगावर घेऊन पॅडल मारणारा मी या हायवेवरचा पहिलाच असन.

माणूस वाईट नाही हेही लिहून ठेवतो. रक्त पाहिजे म्हणून फोन आला तं साहू सर क्लास सोडून धावते. पण शिटी...

ढोमणे म्हणे, "तू कावून इतका चिडून राहिला भाऊ? मस्त चालून राहिलं." त्याले सगळंच मस्त वाटते. गादीवर पडल्या पडल्या घोरून राहिला.

१० जानेवारी, शनिवार. राजनांदगाव

आजचं कसं लिहू. पहिल्यापासून लिहितो.

सकाळी धुकं. साकोलीहून देवरीपर्यंत चांगला चाललो, पाय मोकळे झाले होते. जंगलात चढावर साहू सरलेही मागे टाकलं. खरं सांगतो, तेव्हा मनात प्राचीच होती. मागच्या हिवाळ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती ते. मी इतकं चाललो तं तिचं तितकं कमी होईल, असं काहीतरी येडं गणित.

देवरीच्या चौकात मंडप, माईक. साहू सरचं भाषण सुरू. मी मागे सायकलीले टेकून केळं खाऊन राहिलो होतो. आणि माईकमधून ऐकलं, "हमारे बीच एक पिता हैं, जिनकी बिटिया प्राची खुद इस बीमारी से लड़ रही है. सुरेश भाई, आगे आइए."

टाळ्या. दोघांनी हात धरून पुढे नेलं. गळ्यात हार. केळं हातातच. माईक देला तं मी "नमस्कार" म्हटलं आणि वापस केला. साहू सरचे डोळे भरले होते, खरोखर. लोकांनी नावं देली धडाधड, आतापर्यंत कुठेच इतकी भेटली नव्हती.

मंडपामागे ढोमणेले धरलं. "तू सांगतलं?"

"काल जेवताना विषय निघाला. चांगल्यासाठीच सांगतलं ना बे."

"मी तुले काय म्हटलं होतं?"

"माझं रक्त आहे तिच्या अंगात. मी का दुश्मन आहो का तिचा?"

सायकल घेतली, एकटाच निघालो.

बागनदीच्या पुढे, छत्तीसगडात शिरल्यावर, घरून फोन. वाटलं प्राचीची माय, मंगला असन. प्राची होती. साहू सरनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला. ग्रुपमधे अग्रवालजी आहेत, त्यांची पोरगी हिच्याच वर्गात. तिनं हिले पाठवला. सोबत रडणारं तोंड आणि "तूने बताया क्यों नहीं यार".

मी म्हटलं, "बेटा, मी नाही सांगतलं."

"हार तो आपने पहना है ना, पप्पा."

तिनं ठेवला फोन.

चिचोल्याले थांबून साहू सरले गाठलं. म्हटलं, व्हिडिओ ग्रुपवरून काढा. ते समजलेच नाही. "सुरेश भाई, इसमें शर्म की क्या बात है?" म्हटलं, शरमेची नाही, तिची गोष्ट आहे, तिनं सांगाची का नाही ते तिचं. तरी म्हणे, "कल बिटिया को स्टेज पर लाइए, देखिएगा कितना सम्मान मिलता है." तिच्यासाठी शाल आणून ठेवली आहे म्हणे. मग मी आवाज चढवला. आजूबाजूचे पाहू लागले. शेवटी काढला त्यांनी, तोंड उतरलं त्यांचं. पण ज्यांच्या मोबाइलमधे गेला तिथून कोण काढणार.

पुढचा पूर्ण रस्ता मान खाली घालून पॅडल मारलं. ढोमणे मागे मागे येऊन राहिला, पुढे नाही झाला.

मंगलाले फोन केला. म्हणे, दार लावून बसली आहे, जेवली नाही. गोळी घेतली का विचारलं. घेतली म्हणे.

११ जानेवारी, रविवार. मरोदा

सकाळी सर्वांले नवीन टी-शर्ट वाटले. मी घातला नाही. रसमड्याच्या कारखान्यांच्या बाजूनं धूर, धूळ, डोळे चुरचुरून राहिले. दुर्गात लोकांनी फुलं टाकली. तिथून सगळे वैशाली नगरकडे वळले, मी कोणाले न सांगता मरोद्याकडे. साहू सरची शिटी ऐकू आली मागून. थांबलो नाही.

इतका रस्ता चालवून शेवटच्या मैदानात पोचलोच नाही. लहान पोरासारखं रडू आलं, हेही लिहितो.

घरी मंगलानं दार उघडलं. प्राची आतल्या खोलीत. बाहेरूनच म्हटलं, "मी गेलो नाही तिथे. व्हिडिओ काढून टाकाले लावला." मले वाटलं होतं हे ऐकून तरी दार उघडन.

फोन बंद करून ठेवला.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळची ए शिफ्ट. स्टील प्लँटमधे दोघांनी पाठ थोपटली, एकानं "बिटिया कैसी है" विचारलं. आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं. म्हणजे इथपर्यंत पोचलं. ठीक आहे म्हटलं आणि कामाले लागलो.

प्राची कॉलेजले गेली नाही.

संध्याकाळी ढोमणे आला. माझं मेडल घेऊन, सोबत ते शालीचं पॅकेट. मी व्हरांड्यात होतो, उठलो नाही. दार प्राचीनं उघडलं. तो उंबरठ्याबाहेरच उभा राहिला, चप्पल काढू का नको करत. म्हणे, "बाई, माझं चुकलं. तुले विचाराले पाहिजे होतं."

तिनं दार पूर्ण उघडलं. मग म्हणे, "हो काका, पूछना था. या आत."

चहा केला तिनं. मलेही देला. शाल घेतली नाही, वापस देली, पण नीट बोलून. रेल्वेच्या भरतीचं काय चाललं ते विचारून राहिली त्याले. मी कप धरून ऐकत बसलो. वाटलं, चला, निवळलं.

ढोमणे गेल्यावर कप उचलाले आली. मी म्हटलं, "बरं झालं, माफ केलं त्याले."

"काकांच्या तोंडून निघून गेलं. खून भी तो दिया है उन्होंने." कप हातातच होते. "तुम्ही कोणाले विचारून गेले होते?"

"म्हणजे?"

"सायकल चलाने. मी म्हटलं होतं का, माझ्यासाठी चालवा?"

म्हटलं, सगळ्याच पेशंटसाठी होतं ते.

"झूठ मत बोलो, पप्पा."

आत गेली. मंगला स्वयंपाकघरातून पाहून राहिली होती.

१३ जानेवारी, मंगळवार

आज गेली कॉलेजले. निघताना बुटाची लेस बांधून राहिली होती, म्हटलं स्टँडपर्यंत सोडतो. "जाते मी." गेली.

ड्यूटीवर दिवसभर तिच्या सवालाचं उत्तर शोधून राहिलो. मनात भांडलोही तिच्याशी. तिचा त्रास पाहत नुसतं खुर्चीत बसून राहाचं का बापानं? काहीतरी करावं वाटते ना माणसाले. आणि मग वाटते, केलं ते मले बरं वाटाले केलं का. दोन्ही खरं आहे. तिले काय सांगू.

साहू सरचा फोन आला, उचलला. "बुरा लगा हो तो माफ़ करना सुरेश भाई." मग म्हणे, देवरीहून रक्त देणाऱ्यांचे फोन येऊन राहिले, राजनांदगावच्या एका लेकराले आजच भेटलं. मी बरं म्हटलं. खरंच बरं वाटलं. तिले मात्र हे सांगावं का नाही, समजलं नाही.

संध्याकाळी आली. मंगलाले सांगून राहिली होती, त्या अग्रवालच्या पोरीनं आज तिची बॅग उचलाले हात पुढे केला. "मग?" मंगलानं विचारलं. "मैंने नहीं दी," म्हणे. हसली का नाही, मले बाहेरून दिसलं नाही.

परवा तिची दवाखान्याची तारीख. लहानपणापासून मीच नेतो. सुट्टी टाकून ठेवली आहे. ती येईल का माझ्यासोबत, अजून विचारलं नाही. उद्या विचारीन.