खिशातली यादी

३० मे १९९९, रविवार
भाचा विश्वजीत पुण्याहून आला. त्याचा जुना पामटॉप मला देऊन गेला. मुठीत मावणारा कॉम्प्युटर. इंटरनेटची पाने आत भरून न्यायची आणि कुठेही बसून वाचायची. उद्या शाळेतून निवृत्त होतोय. संकल्प: महिन्याला एक इंग्रजी कादंबरी. पहिली विश्वजीतनेच यंत्रात भरून दिली. वर्तमानपत्र बंद.

१ जून
एका ओळीत चार शब्द मावतात. सारखे बटण दाबावे लागते. डोळे दुखतात. सवयीने जाईल. वाचन: दोन टक्के.

३ जून, गुरुवार
उंब्रजहून एसटीने सातारा. प्रशांतच्या सायबर कॅफेत यंत्र कॉम्प्युटरला जोडून बातम्या भरल्या. आता दर गुरुवारी जायचे. ज्ञान ताजे हवे.

५ जून
स्टँडसमोरच्या हॉटेलात वाचत बसलो. माजी सुभेदार हंबीरराव म्हणाले, "काय सर, पेन्शन मोजताय व्हय?" सगळे हसले. मी कारगिलची बातमी वाचून दाखवली. कोणीतरी बाक पुसून जागा दिली. बातमी गुरुवारची आहे का, हे कोणी विचारले नाही.

८ जून
शेजारच्या हरणाबाई आल्या. मुलगा मानसिंग तिकडे कारगिललाच लढतोय. महिनाभर पत्र नाही. "आवं सर, तुमच्या मशिनीत आमच्या मानसिंगचं काय हाय का बघा की." गुरुवारी सांगतो म्हटले. वाचन: अकरा टक्के.

१० जून, गुरुवार, दुपारी ३
एका वेबसाइटवर जखमी जवानांची यादी मिळाली. इंग्रजी वर्णक्रमाने. प्रशांत म्हणाला, "सर, यादी लांब आहे. एवढी जागा नाही. कादंबरी काढू का?" नको म्हटले. "मग यादी शेवटी कापली जाईल." जाऊ दे. याद्यांच्या शेवटी फोन नंबरच असतात.

संध्याकाळी ७
यादी दोनदा वाचली. ए पासून के पर्यंत. मानसिंग नाही. हरणाबाईंना तसे सांगितले. त्यांनी यंत्राला हात जोडले. मला जरा संकोच वाटला.

१२ जून
हरणाबाई आणि सून क्रांती सोमवारी साताऱ्याला निघणार होत्या. सैनिकांच्या कचेरीत चौकशी करायला. मी म्हटले, कशाला दगदग? कचेरीला कळेल त्याआधी इथे कळेल. हंबीरराव मधे पडले. "जाऊ द्या की तिला. आईचा जीव हाय त्यो, मशीन न्हवं." जुन्या माणसांना तंत्रज्ञानाचा राग असतोच. हरणाबाईंनी माझे ऐकले.

१४ जून, सोमवार
त्या गेल्या नाहीत. सकाळी येऊन विचारून गेल्या. नाव नाही म्हणालो. यादी गुरुवारचीच होती. पण यात खोटे काही नाही. वाचन: एकोणीस टक्के.

१६ जून
साताऱ्याहून सैनिकांच्या कचेरीची जीप आली. मानसिंग काल लष्कराच्या इस्पितळात वारला. सात तारखेला जखमी झाला होता. तशी तार त्याच्या झाशीच्या क्वार्टरवर गेली. क्रांती एप्रिलमध्येच तिथून इकडे आलेली. जीपमधल्या माणसाने सांगितले, सहा दिवस शुद्धीवर होता. दार वाजले की आई आली का, असे विचारायचा.
वाचन नाही.

१७ जून, गुरुवार
प्रशांतला कादंबरी काढून टाकायला सांगितले. यादी पूर्ण मावली. के नंतर एल. मग एम. मानसिंगचे नाव, पुढे गाव, तालुका. पानावर तारीख नऊ जून. मधे काही बदल झाला असेल का, असे प्रशांतला विचारले. "नाही सर. गेल्या गुरुवारी तुम्ही नेलंत तेच पान आहे." विश्वजीतने जास्त जागेचा पामटॉप घ्यायला हवा होता.

१९ जून
पेटी आली. हायवेपर्यंत माणसेच माणसे. मी गेलो होतो. मागे उभा राहिलो.

२५ जून, सकाळी ११
हरणाबाई आणि क्रांती आल्या. "सर, त्यात आता त्याचं नाव आलं असंल. दावा." दाखवले. हरणाबाईंना वाचता येत नाही. नाव कुठले ते विचारून त्यांनी त्यावर बोट ठेवले. बराच वेळ ठेवले.
"हे कवा आलं वो?"
परवा, म्हटले.
"मग तुमी तरी काय करनार."
हेच मीही म्हणत होतो.
क्रांती दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती. इंग्रजी बरे होते. तिने यंत्र हातात घेतले. एकेक बटण दाबत पान वरपर्यंत नेले. तिथे तारीख आहे. मग यंत्र टेबलावर ठेवले. "आत्या, चला," एवढेच म्हणाली.
मला काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटले असावे.