श्रीखंड खातानाची भुवई

गुरुजी, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजूनही पदर सारखा करते आणि नजर चटईवर ठेवते. चेहरे वाचायला तुम्हीच शिकवलंत. नया बाजारातल्या तुमच्या माडीवर नाट्यातले भाव समजावताना तुम्ही सांगितलंत, भुवया आकसल्या की क्रोध, नाक मुरडलं की जुगुप्सा. बाकीच्या मुली परीक्षेपुरतं पाठ करून विसरल्या. मी ते सगळ्या जगाला लावत बसले. दूधवाला, सासूबाई, शाळेतल्या मोठ्या बाई, ज्याच्या त्याच्या कपाळावर मला क्रोधच सापडायचा. विस्मय मी जवळपास वापरलाच नाही. आणि हास दिसला तर तो माझ्यावरच, हे ठरलेलं.

ती सकाळ आठवते. मी सोळा वर्षांची, स्पर्धेसाठी बसवलेले श्लोक तुम्हाला म्हणून दाखवतेय. पाचव्या श्लोकाला मान वर करते, तर तुमच्या भुवया एकमेकींना भिडलेल्या. तोंडाला कोरड पडते. "थांबलीस का गं?" तुम्ही विचारता. मी वही तिथेच टाकून जिना उतरते, चपलाही विसरते. नंतर तुम्ही दोनदा निरोप धाडलात. मला वाटलं, शिक्षेसाठीच बोलावताय. त्यानंतर चारचौघांत मी कधी श्लोक म्हटला नाही. पुढे संस्कृतच शिकवलं, पण बरंचसं फळ्याकडे तोंड करून.

तुमच्या माघारी काकू आता दर्पण कॉलनीत राहतात. आज सकाळी त्यांनी बोलावलं होतं. "उद्या ह्यांची तिथी. जुने विद्यार्थी येताहेत. ते श्लोक तूच म्हण, ह्यांना तुझेच आवडायचे."

"आवडायचे? काकू, कपाळाला केवढ्या आठ्या होत्या!"

"अगं वेडे, आवडलं की ते असंच तोंड करायचे. श्रीखंड खातानासुद्धा! हा आमच्या लग्नातला फोटो बघ, बिल्कुल भांडायला उभे आहेत असं वाटतं."

पाहिला. खरंच तसे उभे आहात. गुरुजी, एरवी प्रत्येक नियमाला चार अपवाद सांगायचात, एवढा एक तेवढा राहिला का हो?

वाटलं, आता सुटले. तेवढ्यात काकू हसल्या, आणि वाटलं, मलाच हसल्या. उद्या समोर बसणारी तीस-चाळीस कपाळं दिसायला लागली. श्रीखंडाचं कळलं तरी कोरड तीच. "म्हणशील ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून आले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. मघाशी काकूंना फोन करून घसा बसलाय असं कळवलं. घसा ठणठणीत आहे. आत्ताच खोलीचं दार लावून सगळे श्लोक म्हटले, पाचव्यालाही अडले नाही. फक्त त्याआधी आरशावर टॉवेल टाकला होता.