डाव्या हातातला पेला

रुआँ, मार्च १८४१

प्रिय गास्पार,

तुझं पत्र मिळालं. आपलं ते शिळाछाप चित्र प्रकाशक पुन्हा काढतोय, आणि या खेपेला तू नव्या शिळेवर सगळं नीट उलटं रेखाटून विषाचा पेला माझ्या उजव्या हातात देणार आहेस, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. नको रे. पाया पडते तुझ्या, नको. कारण सांगते, पण माझ्या पद्धतीनं. मुद्द्यावर यायला मला पाच अंक लागतात, हे तुला ठाऊक आहे.

पॅरिसमधला तो हिवाळा आठव. आमचं नाटक साफ आपटलं होतं. सख्ख्या भावानं दिलेलं विष मी जाणूनबुजून पिते, त्या शेवटच्या प्रवेशाला समोर दोन म्हाताऱ्या आणि एक घोरणारा वकील. नाटक कंपनीचे मालक ब्रिसो म्हणाले होते, "पोरी, आता गाशा गुंडाळायचा. गावाकडे तुझ्या मावशीचं हातमोज्यांचं दुकान आहे ना? बस तिथे टाके घालत." त्याच दिवशी तू विंगेत उभा राहून मला पाहिलंस आणि घरी जाऊन, बाटली शेजारी ठेवून, जसं दिसलं तसंच शिळेवर काढलंस. शिळेवरचं कागदावर उलटं उमटतं हे नवशिक्यालाही कळतं, आणि तू विसरलास! पेला डाव्या हातात, दार भलत्याच बाजूला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चित्रं दुकानांच्या काचांमागे लागलीसुद्धा होती.

आणि लोक आले! अगदी वरच्या, स्वस्त जागांच्या माळ्यापर्यंत माणसं. मी पेला उचलला तर वरून एकजण ओरडला, "अगं बाई, तो नव्हे, दुसरा हात!" सगळं थिएटर हसलं. मी रडतरडतच विष प्यायले आणि तुला मनातल्या मनात लाखोली वाहिली. ब्रिसो मात्र खूश. "चित्र पाहून तिकीट काढलंय त्यांनी. तू हात बदल, दार मी बदलतो." मग काय, घरी डाव्या हातानं सूप प्यायचा सराव सुरू. अर्धं मांडीवर, उरलेलं मांजराच्या अंगावर. आई म्हणायची, "विष प्यायच्या आधी उपाशीच मरशील."

वर्तमानपत्रवाले तुला 'डावं-उजवं न कळणारा चित्रकार' म्हणाले. तो सल तुझ्या मनात अजून आहे, हे कळतं मला. पण त्या चित्रात तू काय पाहिलंस, ते त्यांना दिसलंच नाही. माझ्या चेहऱ्यावरची भीती विषाची नव्हती, रिकाम्या खुर्च्यांची होती. ती तू तशीच ठेवलीस, तिला सुंदर केलं नाहीस. त्या एका कागदानं मला हातमोज्यांच्या दुकानातून वाचवलं. आज मी जे दोन घास मानानं खाते, ते तुझे आहेत. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच शेफारला असतास.

आता कारण. थंडीत एका सकाळी टोपीची फीत बांधायला गेले, तर उजवा हात वर येईना. तो अजूनही आलेला नाही. वैद्य नुसते मान हलवतात. हे पत्र डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं; मी प्यायलेली नाही. ईस्टरनंतर इथली कंपनी तेच नाटक करतेय, आणि ती भूमिका माझीच आहे. मालकांना मी काहीच सांगितलेलं नाही. शाल खांद्यावरून अशी सोडते की हात झाकला जातो. परवा ते म्हणाले, "बाईसाहेब, आमच्या लोकांना अगदी चित्रातल्यासारखं हवं हं!" मी म्हटलं, का नाही? पण तुझं दुरुस्त केलेलं चित्र इथल्या दुकानांत आलं, तर माळ्यावरून पुन्हा कुणीतरी ओरडेल, गास्पार, आणि या वेळी बदलायला माझ्याकडे दुसरा हात नाही. एवढी एक चूक माझ्यासाठी पुन्हा कर.

तुझीच, आजन्म ऋणी,
ओर्तांस