ताटाची डावी बाजू

मानपाडा रोड, डोंबिवली
खंडेनवमी, १९९४

प्रिय सुमती,

अनेक आशीर्वाद. तुझी जनी मजेत आहे. शाळेचं वर्ष संपेस्तोवर आजीकडे राहायचं म्हणजे तिला लॉटरीच लागलीय, नागपूरचं नावही काढत नाही. खरी बातमी तुझ्या आबांची आहे. मेंदूचा तो झटका येऊन गेल्यापासून हातपाय चांगले चालतात, पण डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. डोळे ठणठणीत आहेत म्हणे, मेंदूच तिकडे बघत नाही. ताटातली भाजी चाटूनपुसून संपते आणि चटणी-कोशिंबीर तशीच राहते. वर मलाच विचारतात, आज कोशिंबीर केली नाहीस वाटतं! काय बोलावं, सांग.

डॉक्टर म्हणाले, नजरेला डावीकडे वळायची सवय लावा. जावईबापूंनी जनीला घेतलेला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरात होताच. त्यातला गाड्यांचा खेळ मी यांच्या हातात दिला नि शेजारी बसले. डावीकडून गाडी आली की खांद्यावर थाप मारायची. सुरुवातीला माझाच हात भरून यायचा. शेजारच्या आवडाबाई हसून हसून बेजार, म्हातारा-म्हातारी पोरांचे खेळ खेळतात म्हणून. हसू देत मेल्या. गणपतीनंतर थापा कमी होत गेल्या आणि यांची मान आपणहून डावीकडे वळायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली.

तिथेच माशी शिंकली. आबांनी लगेच स्कूटर पुसायला काढली. दसऱ्याला हार घालायचा आणि जनीला मागे बसवून चक्कर मारायची! पोरगी नाचतेय. पण तीच मागे सहज बोलून गेली होती, त्या खेळात गाड्या रोज त्याच क्रमाने येतात. म्हणजे यांना दिसतंय, की नुसतं पाठ झालंय? म्हणून खेळाची दुसरी कॅसेट लावून पाहिली. कधी चुकवतात, कधी धडकतात.

किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली. त्यावर यांनी असा अबोला धरला की जेवण नाही, खेळ नाही. मोहने गावच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळली, आता मी तुला लुळा वाटतो का, एवढंच बोलले. मला रडूच आलं गं. शेवटी तोड काढली. उद्या जनी आवडाबाईंकडे राहील. दसऱ्याचे कारखाने बंद, तिकडचे रस्ते मोकळे. स्कूटरवर मागे मी बसणार. एकदा जरी थाप मारावी लागली, तर किल्ली कायमची माझी. कबूल झाले.

तुझ्या लेकीची काळजी करू नकोस, तिला मी त्या स्कूटरवर बसू देणार नाही. आज जेवताना यांनी चटणी संपवली, पण मीच मेली आधी विचारून बसले, तिखट झालीय का म्हणून. त्यामुळे तेही खरं कळलं नाही. सुमे, पडायची मला भीती नाही. भीती माझ्या हाताची आहे. हार घातलेल्या स्कूटरवर हे ताठ बसलेले असतील, डावीकडून काहीतरी येईल आणि माझा हात थांबेल, दिसेल त्यांना, थोडं थांबू या, म्हणून. आणि थाप मारलीच, तर घरी येऊन तुला सांगेन की नाही मारली. मी मला ओळखते. म्हणून हे पत्र आत्ताच पोस्टाच्या पेटीत टाकतेय. पोचलं की आवडाबाईंकडे फोन कर आणि मला एवढंच विचार, थाप मारलीस का. मग मला खोटं बोलता यायचं नाही.

तुझीच,
आई