तोझरच्या कॅफेतला दुसरा ग्लास

यम्मा,

तुझ्या थोरल्या लेकाचा सलाम. तुझे दोन्ही हात डोळ्यांना लावतो. मी खुशाल आहे, खजुराचा सौदा जमतोय. तुझा गुडघा कसा आहे?

आज कॅफेतून गिऱ्हाइकाला कागद पाठवायचे होते. माझ्या फोनला रेंज मिळेना, म्हणून आपल्या धाकट्या लझहरचा फोन काढून हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपनं पासवर्डही विचारला नाही, आपणहून जोडला गेला. त्यानंच कधीतरी जोडून ठेवलेला.

मागच्या टेबलावरचा एकजण मोबाइलवर वाय-फायची यादी बघत ओरडला, "अरे, हा ‘लझहर’ कोण? फुल्ल रेंज आहे, म्हणजे इथंच बसलाय! भाऊ, आम्हालाही दे की थोडं नेट, कंजुषी कसली?"

सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाऊ आहे. येतोच आहे."

कॅफेवाल्यानं लगेच समोरच्या खुर्चीपुढे पुदिन्याचा दुसरा चहा ठेवला.

लझहरला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावाही झाला, आता पोराचा नंबर बंद करून ये, असं तू बजावलं होतंस. यम्मा, कागद केव्हाच गेले. तरी हॉटस्पॉट बंद करायला बोट धजत नाही. त्याचा चहा निवत चाललाय, आणि मी दाराकडे बघत बसलोय.

नंबर राहू दे ना.

तुझ्या दुव्यावर जगणारा,
मबरूक